वॉशिंग मशीन कोणते घ्यावे, आणि ड्रायर घ्यावाच का?

प्रश्न : आम्ही बेसा भागात राहतो. दोन लहान मुलांसह घरात पाच माणसे आहेत. पाणी बोअरचे असून उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. जुने वॉशिंग मशीन आता दुरुस्तीच्या पलीकडे गेले आहे. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत व त्यांना कुबट वास येतो, म्हणून धुणे आणि वाळवणे दोन्ही करणारे ६० हजारांच्या आसपासचे मशीन घ्यावे, असे सीताबर्डीवरील एका दुकानदाराने सुचवले. आमची तयारी ३५ हजारांपर्यंतची होती. काय करावे?
– एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर : आपली मूळची तयारी योग्य आहे आणि ती वाढवण्याचे कारण मला दिसत नाही. नागपुरात ऑक्टोबरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गच्चीवरचे ऊन फुकट मिळते. मे महिन्यात तर दोरीवर टाकलेली सुती चादर तासाभरात कडक होते. अडचण काय ती जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या काही दिवसांची. तेवढ्यासाठी २५ हजार रुपये जास्त मोजायचे असतील, तर त्या पैशांत मिळते काय, हे आधी पाहिले पाहिजे.

धुणे-वाळवणे एकत्र करणाऱ्या मशीनवर ‘८ किलो’ लिहिलेले असते, ते धुण्याबद्दल. वाळवण्याची क्षमता त्याच मशीनमध्ये बहुधा ५ किलोच असते. म्हणजे ८ किलो कपडे धुतले, तर त्यांतले ३ किलो ओले बाहेर काढून दोरीवरच टाकावे लागतात. धुण्यापासून वाळवण्यापर्यंत एका फेरीला चार-पाच तास सहज लागतात आणि तोवर दुसरे कपडे धुता येत नाहीत. पाच माणसांच्या घरात पावसाळ्यात नेमकी हीच अडचण होते. शिवाय अशा बऱ्याच मशीनमध्ये कपड्यांतून निघालेल्या वाफेचे पाणी करण्यासाठी थंड पाण्याची धार वापरली जाते, म्हणजे कपडे वाळवतानाही पाणी खर्च होते. टँकर मागवणाऱ्या घराला हे परवडणारे नाही. आणि एक भाग बिघडला की धुणे व वाळवणे दोन्ही एकदमच बंद पडतात.

तेव्हा चांगले, फक्त धुणारे मशीन घ्यावे. आपल्या कुटुंबासाठी ८ किलोचे फ्रंट लोड सुचवतो. किलोचा आकडा कोरड्या कपड्यांचा असतो. जाड डबल चादर, दोन टॉवेल आणि मुलांचे गणवेश एका वेळी टाकायचे असतील, तर ६ किलोचे मशीन गच्च भरते आणि गच्च भरलेल्या मशीनमध्ये कपडे घासलेच जात नाहीत.

फ्रंट लोडचा आग्रह दोन कारणांसाठी आहे. पहिले पाणी. त्याच वजनाच्या कपड्यांना टॉप लोड मशीन साधारणपणे दुप्पट पाणी घेते. स्टार लेबलवर दर किलो कपड्यांमागे किती वीज व किती लिटर पाणी लागते, ते छापलेले असते. दुकानात दोन मशीन शेजारी ठेवून तो पाण्याचा आकडा अवश्य वाचावा, विक्रेता तो स्वतःहून सांगत नाही. दुसरे कारण पिळण्याचे. टॉप लोडचा ड्रम मिनिटाला ७००च्या आसपास फेरे घेतो, तर फ्रंट लोडचा १,००० ते १,४००. फेरे जितके जास्त, तितके कपड्यात राहणारे पाणी कमी. १,२०० किंवा १,४०० फेऱ्यांचे मशीन घेतले, तर पावसाळ्यातही आतल्या खोलीत पंख्याखाली कपडे रात्रीतून बऱ्यापैकी वाळतात. नागपुरातल्या कित्येक घरांत पावसाळ्यात कूलरच्या ताट्या काढून, पाणी न भरता, नुसता त्याचा पंखा कपड्यांसमोर लावतात. ही युक्ती चांगली आहे, कारण वाळण्यासाठी उष्णतेइतकीच हलती हवा लागते. कुबट वास येतो तो कपडे फार वेळ ओलसर राहिल्यामुळे, आणि तो वेळ कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे चांगले पिळणारे मशीन.

आता बोअरच्या पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नागपूरच्या बाहेरच्या वस्त्यांत मशीन लवकर बिघडण्याचे मोठे कारण तेच आहे. आपले पाणी किती जड आहे, हे समजून घ्यायला मे अखेरीस कूलर उघडून पाहावा. ताट्यांच्या गवतावर आणि टाकीच्या कडेला पांढरा, खरखरीत थर बसलेला असतो. नखाने खरवडला, तर त्याची भुकटी होते. पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असेच मशीनमध्येही बसतात, आणि पाणी तापले की जास्त वेगाने बसतात. म्हणून सर्वांत आधी थर चढतो तो हीटरवर. पाणी शुद्धीकरण यंत्र विकणारे जो टीडीएस मोजून दाखवतात, त्यावरून जडपणा कळत नाही, कारण त्यात सगळेच विरघळलेले क्षार येतात. जडपणाची वेगळी तपासणी प्रयोगशाळेत होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालणारा मानला आहे. आपला आकडा ६००च्या वर निघाला, तरी मी फ्रंट लोडच घ्या म्हणेन, पण तीन पथ्ये सांभाळावी लागतील. मशीनच्या नळावर क्षार रोखणारा फिल्टर बसवावा आणि त्यातले काडतूस संपले की बदलावे. त्याने पाणी मऊ होत नाही, पण क्षार चिकटणे कमी होते. रोजचे कपडे हीटर न लावता साध्या पाण्याने धुवावेत. आणि महिन्यातून एकदा मशीन रिकामे ठेवून, क्षार काढणारी पावडर घालून गरम पाण्यावर चालवावे. उन्हाळ्यात तर गच्चीवरच्या टाकीतले पाणीच इतके तापलेले असते की हीटर लावण्याची गरज पडत नाही. उलट रंग जाणारे कपडे त्या दिवसांत पहाटे, टाकीतले पाणी निवलेले असताना धुवावेत, कारण ‘कोल्ड’ बटण पाणी थंड करून देत नाही.

पाण्याचा दाबही आधीच तपासावा. फ्रंट लोडच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब ०.३ ते १ बार असा दिलेला असतो, आणि टाकीच्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा दर एक मीटर उंच असली की साधारण ०.१ बार दाब मिळतो. टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असेल, तर वरच्या मजल्यावरच्या नळाला ०.३ बारसुद्धा मिळेल, याचा भरवसा नाही. सोपी परीक्षा अशी, की जिथे मशीन ठेवायचे तिथला नळ पूर्ण उघडून १५ लिटरची बादली लावावी. ती दोन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. नाही भरली, तर टाकीखाली लोखंडी स्टँड करून घ्यावा किंवा छोटा प्रेशर पंप लावावा. हे न करता मशीन आणले, की ते मध्येच थांबून पाणी येत नसल्याचा इशारा देत राहते आणि लोक मशीनला दोष देतात.

कंपनी कोणती, हे आपण विचारले नाही, पण मनात असणारच. एलजी, सॅमसंग, आयएफबी, बॉश या चारही नावांची चांगली मशीन ३० ते ३८ हजारांत मिळतात, आणि माझ्या मते त्यांच्यातल्या फरकापेक्षा आपल्या भागात दुरुस्तीला कोण आणि किती दिवसांत येतो, हा फरक मोठा आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या नागपूर सर्व्हिस सेंटरला स्वतः फोन करावा. बेसाला मेकॅनिक कधी येतो, या मॉडेलचे पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, केवढ्याला पडते, आणि ड्रमचे बेअरिंग गेल्यास फक्त बेअरिंग बदलता येते की अख्खा टब घ्यावा लागतो, हे तीन प्रश्न विचारावेत. काही मॉडेलचा बाहेरचा टब जोडून बंद केलेला असतो; तिथे थोड्या खर्चाचे काम फार महाग पडते. मशीनवर ठळक छापलेली १० वर्षांची वॉरंटी फक्त मोटरची असते. मोटर क्वचितच जळते. जाते ते पीसीबी, आणि त्याला संपूर्ण मशीनची वॉरंटी लागू असते, जी बहुतेकांची २ वर्षांची असते, काहींची ४. मोटर मात्र इन्व्हर्टर प्रकारची, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारीच घ्यावी.

प्रश्न : आमचा धरमपेठेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनी उत्तरेकडे असल्यामुळे ऊन येत नाही. आई अंथरुणाला खिळलेली असल्याने रोज चादरी व कपडे धुवावे लागतात. फ्रंट लोड मशीन आहे. वेगळा ड्रायर घ्यावा का, आणि कोणता?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या घरी ड्रायर ही गरज आहे, आणि तो वेगळाच घ्यावा, म्हणजे एक चादर वाळत असताना दुसरी धुता येईल. साधा, गरम ओली हवा नळीतून बाहेर सोडणारा ड्रायर २५ ते ३० हजारांत येतो. त्याची नळी खिडकीबाहेर काढावीच लागते, नाहीतर सगळी वाफ घरात पसरून भिंतींना बुरशी धरते. दुसरा हीट पंप ड्रायर. तो तीच हवा पुन्हापुन्हा वापरतो, निघालेले पाणी टाकीत साठवतो आणि वीज जवळजवळ निम्मी घेतो, पण किंमत ५० हजारांच्या पुढे जाते.

हिशेब असा करावा. साध्या ड्रायरला एका फेरीला साधारण ३ ते ४ युनिट लागतात, हीट पंपाला दीड ते दोन. रोजची एक फेरी, दोन युनिटांची बचत आणि युनिटला १५ रुपये धरले, तर महिन्याला ९०० रुपये वाचतात आणि किमतीतला फरक तीन वर्षांच्या आत भरून निघतो. आपला वापर बारमाही आहे, म्हणून हीट पंपच घ्यावा. फक्त पावसाळ्यापुरता वापर असलेल्या घराला तोच फरक भरून निघायला दहा वर्षे लागतील. त्यांनी साधाच घेतलेला बरा.

जागा कमी असल्यास ड्रायर मशीनच्या वर बसवता येतो, मात्र त्याच कंपनीच्या जोडणी-किटनेच. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्डावर ड्रायर कधीही चालवू नये. दर फेरीनंतर जाळीवर साचलेला कापसासारखा फुलोरा हाताने काढून टाकावा. तो साचला की वाळायला वेळ लागतो आणि पेट घेण्याचाही धोका असतो. आईंचे सुती कपडे निर्धास्त टाकावेत. आपल्याकडच्या टसर रेशमाच्या करवती साड्या आणि लोकरीचे कपडे मात्र ड्रायरपासून दूर ठेवावेत.

प्रश्न : इतवारीतल्या जुन्या घरात सकाळी थोडाच वेळ नळ येतो. ऑटोमॅटिक मशीन चालेल का?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : वर टाकी बसवणे शक्य नसेल, तर सेमी-ऑटोमॅटिकच घ्यावे. त्यात बादलीने पाणी भरता येते, साबणाचे पाणी दुसऱ्या खेपेला वापरता येते, आणि त्याचा पिळण्याचा टब मिनिटाला १,३००च्या आसपास फेरे घेत असल्याने कपडे टॉप लोडपेक्षा जास्त कोरडे निघतात. ७ ते ८ किलोचे मशीन १० ते १५ हजारांत मिळते. जुन्या घरात उंदीर असतातच; मशीनच्या तळाला जाळी आहे का, ते खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावे, कारण उंदरांनी कुरतडलेल्या वायरींचा खर्च वॉरंटीत सहसा धरत नाहीत.