दक्षिण आफ्रिकेत आठ-दहा दिवसांत रग्बीचा सामना आणि जंगल सफारी, दोन्ही जमेल का?

जमेल, आणि निवांत जमेल. फक्त सामना आधी ठरवा, बाकी सगळं नंतर. सिंह कुठल्याही आठवड्यात दिसू शकतो; स्प्रिंगबॉक्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय रग्बी संघ, मात्र घरच्या मैदानांवर वर्षाकाठी मोजकेच सामने खेळतात. बरेच जण नेमकं उलटं करतात. विमान, लॉज सगळं बुक करून मोकळे होतात आणि मग शोधत बसतात, त्या शनिवारी कुठे सामना आहे का.

सामना शक्यतो जोहान्सबर्ग किंवा प्रिटोरियाचा निवडा. केप टाउन देखणं आहे, वाद नाही, पण तिथून क्रूगर हे सफारीचं राष्ट्रीय उद्यान म्हणजे देशाचं दुसरं टोक. जोहान्सबर्गचं एलिस पार्क आणि प्रिटोरियाचं लॉफ्टस व्हर्सफेल्ड ही दोन्ही मैदानं क्रूगरच्या दक्षिणेकडच्या गेटांपासून गाडीने साधारण चार-पाच तासांवर आहेत. जुलै ते सप्टेंबर हे आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मुख्य महिने, आणि तोच तिथला कोरडा मोसम. गवत वाळून खाली बसलेलं असतं, पाणी ठरावीक पाणवठ्यांवरच उरतं, त्यामुळे प्राणी शोधणं सोपं जातं. मलेरियाचा धोकाही तेव्हा कमी असतो. कमी, शून्य नाही. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

इतिहासाची ओढ असेल तर एलिस पार्क. 1995 चा विश्वचषक अंतिम सामना तिथेच झाला. स्प्रिंगबॉक्सनी न्यूझीलंडला जादा वेळेत 15-12 असं हरवलं आणि सहा नंबरची हिरवी जर्सी घातलेल्या मंडेलांनी कर्णधार फ्रांस्वा पिनारच्या हाती चषक दिला. मला स्वतःला लॉफ्टस जास्त आवडतं. गाउट्रेन या शहरी रेल्वेने हॅटफिल्ड स्टेशनला उतरायचं आणि हिरव्या जर्सींच्या मागोमाग चालत सुटायचं, पत्ता विचारावा लागत नाही. सामन्याआधी आसपासच्या पार्किंगमध्ये निखाऱ्यांवर ब्राय, म्हणजे मांस भाजण्याच्या शेगड्या, लागलेले असतात. शाकाहारी असाल तर पोटभर खाऊनच निघा, चिप्सपलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

नियमांचं दडपण घेऊ नका. हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही, एवढं कळलं तरी सामना समजू लागतो. ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवला की, 5 गुण, त्यानंतरच्या किकला 2, पेनल्टी किक आणि ड्रॉप गोलला (चालू खेळात चेंडू टप्पा पाडून खांबांमधून मारणं) 3. प्रत्येकी 40 मिनिटांचे दोन डाव. मात्र स्क्रम झाला की मोबाइल खिशात ठेवा. दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांत खांदे अडकवून वाकतात, रेफ्री 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणतो आणि एकेका बाजूचं जवळपास नऊशे किलो वजन समोरासमोर आदळतं. टीव्हीवर हा भाग रटाळ वाटतो, मैदानात मात्र सगळं स्टेडियम श्वास रोखून बघत असतं. उत्तरार्धात स्प्रिंगबॉक्स ताज्या दमाचे धिप्पाड फॉरवर्ड (स्क्रममध्ये उतरणारे गडी) एकदम आत आणतात, लोक त्यांना 'बॉम्ब स्क्वॉड' म्हणतात. तेव्हा खरा गलका होतो. तिकीट काढताना अगदी पुढच्या रांगेचा मोह नको. थोडं वर बसलं की खेळाची रचना दिसते. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 1,750 मीटरवर आहे. विरळ हवेत किक लांब जाते, म्हणून मैदानाच्या मध्यावरूनही पेनल्टीचा निशाणा साधायला खेळाडू कचरत नाहीत.

सामना आधी आणि जंगल नंतर ठेवा. सामन्याच्या रात्रीच क्रूगरकडे निघू नका. अंधारात तिथल्या हायवेवर गाडी चालवणं स्थानिक लोकही टाळतात. सकाळी निघा. गाडी डाव्या बाजूनेच चालते, त्यामुळे आपल्याला जड जात नाही.

क्रूगरमध्ये स्वतःची भाड्याची गाडी घेऊन फिरता येतं आणि खरी मजा त्यातच आहे. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 50 किमी, कच्च्यावर 40, पण प्राणी बघायचे तर 25-30 च्या वर जाऊच नका. स्कुकुझा ते लोअर साबी हा साबी नदीकाठचा रस्ता बिबट्यासाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे गाड्यांची गर्दीही तिथेच. जिराफांचा कळप चरणं सोडून एकाच दिशेला टक लावून उभा दिसला तर गाडी थांबवा आणि त्याच दिशेला दुर्बीण लावा, बहुधा तिकडे सिंह असतो. हत्ती रस्त्यावर आला तर मुकाट्याने गाडी मागे घ्या. ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही खाली उतरायचं नाही. जून-जुलैत कॅम्पची, म्हणजे उद्यानातल्या मुक्कामाच्या जागांची, गेटं संध्याकाळी साडेपाचला बंद होतात, उशीर झाला तर दंड.

लहान मुलं बरोबर असतील किंवा मलेरियाची धास्ती असेल तर क्रूगर सोडा आणि पिलानेसबर्ग या दुसऱ्या अभयारण्यात जा. जोहान्सबर्गहून अडीच-तीन तास, मलेरियामुक्त, आणि सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा असे पाचही 'बिग फाइव्ह' तिथे आहेत. आकाराने क्रूगरपुढे अगदीच लहान, पण दोन दिवसांना भरपूर.

क्रूगरच्या सरकारी कॅम्पमधल्या खोल्या कितीतरी महिने आधी भरतात, तेव्हा सामन्याचं तिकीट हाती आलं की त्याच दिवशी खोली बघा. आणि विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर तिथला थांबा 12 तासांच्या आत ठेवा, नाहीतर यलो फीव्हरच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात.