‘तारण होणे’, ‘तारण ठेवणे’ आणि विसार

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती प्रार्थनासभेत ‘विश्वासाने तारण होते’ असे ऐकले, हे तारण आणि पतपेढीत दागिने ठेवतात ते तारण एकच का, आणि एकच असेल तर माणसाची सत्कर्मे हेच ते तारण समजावे का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ‘सत्कर्मे तारण ठेवून स्वर्ग मिळवायचा’ हे वाक्य अलीकडे वारंवार कानांवर पडते आणि त्यात शब्द व धर्मविचार दोन्ही बिघडतात. तारण ठेवतो तो माणूस स्वतः. तारण होते तेव्हा तारणारा दुसरा असतो. ‘तृ’ धातूपासून तरणे आणि त्याचे प्रयोजक तारणे, म्हणजे पैलतीरी नेणे. सावकारी अर्थही माझ्या मते इथूनच निघाला, कारण बुडू पाहणारा पैसा जी वस्तू तारते ती तारण. हे दोन शब्द मुळात निराळे मानणाऱ्यांनी ‘बुडीत कर्ज’ हा रोजचा प्रयोग आठवावा. जिथे पैसा बुडतो, तिथे त्याला तारणारेही काही लागणारच.

‘विश्वासाने’ की ‘विश्वासानेच’, यावर तर युरोपात चर्च दुभंगले. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस पत्र 3:28 मध्ये मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला आणि 1530 मध्ये जर्मन भाषेची धाटणीच तशी आहे, असे त्याचे समर्थन केले. भाषांतरकार म्हणून त्याची बाजू मला पटते. परंतु नव्या करारात ‘विश्वास’ आणि ‘केवळ’ हे शब्द जिथे एकत्र येतात ते एकच ठिकाण, याकोबाचे पत्र 2:24, नेमके ‘केवळ विश्वासाने नव्हे’ असे सांगते, आणि त्याच याकोबाच्या पत्राला ल्यूथरने गवताच्या काडीची किंमत दिली, हे मला मुळीच मान्य नाही. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात इफिसकरांस पत्र 2:8 पाहावे: ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे’. ‘च’ कृपेला जोडला आहे, विश्वासाला नाही. एवढ्या एका अक्षरात अर्धा वाद मिटतो.

मला मात्र खरा आनंद देतो तो याच पत्राच्या पहिल्या अध्यायातला शब्द. तिथे पवित्र आत्म्याला ‘आपल्या वतनाचा विसार’ म्हटले आहे; वतन म्हणजे वारसा, आणि विसार म्हणजे सौदा पक्का करताना आगाऊ दिलेली रक्कम. मूळ ग्रीक शब्द ‘अर्राबोन’, आणि तो ग्रीकांनी सेमिटिक भाषांतून व्यापाराच्या वाटेने घेतलेला. हिब्रूत तोच ‘एराव्होन’. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 38 व्या अध्यायात यहूदा तामारेला करडू पाठवण्याचे कबूल करतो आणि ते पोचेपर्यंत आपली मुद्रा, त्या मुद्रेचा गोफ आणि हातातली काठी तिच्यापाशी ठेवतो; त्या वस्तू म्हणजे एराव्होन. तिथे ते उघडच तारण आहे, करडू दिले की सोडवून घ्यायचे. प्रेषित पौलाच्या पत्रांपर्यंत येता येता त्याच शब्दाचा विसार झाला, परत न मागायचा, पुढे मिळणाऱ्या सबंध वतनातला पहिला अंश. एका शब्दाच्या पोटात आपले तारणही आहे आणि विसारही!

आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत एक विसारपावती आहे. पिवळा पडलेला कागद, तिकिटावर आडवी सही, आणि मजकूर असा की विसारादाखल रोख रुपये 51 पोचले, बाकी खरेदीखताच्या वेळी. ते 51 रुपये आजोबांनी कमावले नव्हते, त्यांची जमीन विकत घेणाऱ्याने आपणहून पुढे केले होते. पण ते हाती घेतल्या दिवसापासून ती जमीन दुसऱ्या कोणाला दाखवण्याची त्यांना मोकळीक उरली नाही, आणि त्यांनी ती दाखवलीही नाही. सत्कर्मांची जागा मला इथे दिसते. ती किंमत नव्हेत आणि तारण म्हणून ठेवायची वस्तू तर नव्हेतच. विसार घेतलेल्या माणसाचे ते वागणे आहे. करिंथकरांस पौल ‘तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात’ असे बजावतो तेव्हा हाच व्यवहार माझ्या डोळ्यांपुढे येतो, आणि ‘क्रियांवाचून विश्वास निर्जीव’ असे म्हणणारा याकोब ज्याला दटावतो तो माणूस विसार खिशात घालून जमीन दुसऱ्याला दाखवायला निघालेला आहे.