कुर्ल्याच्या पुढचं पान

चि. …,
अनेक आशीर्वाद.

परवा दादरला तुझा रोल-प्लेइंग खेळ (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, मिळून गोष्ट रचायची, तो) आटोपल्यावर जिना उतरता उतरता तू त्याच्या पुस्तकाबद्दल विचारलंस, "ताई, छापू की नुसती पीडीएफ काढू?" आणि मी "बघू" म्हणून सटकले. उत्तर नव्हतं असं नाही, पण ते जिन्यात मावणारं नव्हतं. म्हणून लिहून काढते.

आधी तुझ्या खेळाबद्दल. शेवटची कर्जत लोकल, दर स्टेशनाला एक प्रसंग, आणि डब्यातला एक प्रवासी मेलेला आहे पण ते त्याला स्वतःलाच माहीत नाही. मस्जिदपासून परळपर्यंत आमच्यापैकी कुणी फोनला हात लावला नाही, हे तू पाहिलंस. कुर्ल्यानंतर काय झालं तेही पाहिलंस का? फासे पडत होते, आकडे येत होते, घडत काहीच नव्हतं. ठाणं येईपर्यंत आम्ही तिघं मनातल्या मनात केव्हाच उतरून गेलो होतो. तू मात्र सूत्रधाराच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत इतका रंगला होतास की तुला कळलंही नाही.

छापायचं की नाही, याचं उत्तर मला तिथे दिसतं, कागदाच्या भावात नाही. पीडीएफमध्ये कुर्ला एका रात्रीत दुरुस्त होतो. छापलेला कुर्ला पाचशे प्रतींत तसाच रेंगाळत राहतो.

पाचशे हा आकडा मी उगाच लिहिला नाही. गिरगावात डीटीपी करत होते तेव्हा मला वाटायचं, छपाईतलं आपल्याला काय कुणी शिकवणार! पहिला खेळ तयार झाला तशी मी थेट छापखान्यात गेले. मालक म्हणाले, "प्लेटांचा खर्च तोच आहे मॅडम, तीनशे काढा नाहीतर पाचशे, फरक फक्त कागदाचा." हिशोब बरोबर होता. ऑफसेटचं, म्हणजे प्लेटांवरून छापण्याचं, गणित असंच असतं: प्लेट बनवणं, मशीन लावणं हा खर्च पहिल्या प्रतीलाच होऊन जातो, म्हणून प्रती वाढल्या की प्रतीमागचा खर्च उतरतो. फक्त त्या गणितात माझा माळा कुणी धरला नव्हता. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये पाचशे प्रतींचे गठ्ठे. काही माळ्यावर, काही पलंगाखाली.

तिसऱ्या महिन्यात एका मुलाचा फोन आला. दोन फाशांची बेरीज करून तक्त्यात बघायचं, असा नियम होता. त्याची बेरीज १२ आली. तक्ता ११ वर संपत होता. प्रूफ मी स्वतः चार वेळा वाचलं होतं, पण वाचलं होतं, खेळले नव्हते. मग शुद्धिपत्राच्या पट्ट्या छापून घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापून, फेव्हिकॉलने एकेका प्रतीत चिकटवत बसले. जुलैत पलंगाखालच्या गठ्ठ्यांना ओल लागली. लॅमिनेशन पापुद्र्यासारखं सुटलं, पानांना बुरशी आली. शेवटी निम्म्याहून जास्त प्रती रद्दीत गेल्या. तराजूत टाकताना रद्दीवाल्याने एक उघडून पाहिली आणि विचारलं, "क्लासचा पोर्शन आहे का?"

हे वाचून तुला वाटेल, ताई छपाईविरुद्ध आहे. तसं नाही. छापायचं कशासाठी, ते तरी कळलेलं असावं. नुसत्या फाइलीला घरचे "कॉम्प्युटरवर काहीतरी करतो" म्हणतात आणि पुस्तक हातात दिलं की "आमच्या मुलाचं पुस्तक आलं" म्हणतात, एवढ्यासाठी छापणार असशील तर डिजिटल प्रेसवर पाच प्रती काढ आणि घरी वाट. यात मी चेष्टा करत नाही. डिजिटलला प्लेट नसते, म्हणून पाच काढल्या काय आणि पन्नास काढल्या काय, प्रतीमागे दर जवळपास तोच. महाग पडतं, पण माळा मोकळा राहतो. शंभर-दीडशे प्रतींपर्यंत मी ऑफसेटचा विचारही करणार नाही.

आधी पीडीएफ, हे तर ठरलंच. पण तू मला पाठवलेली फाइल पीडीएफ नाही, पडद्यावर ठेवलेलं छापील पुस्तक आहे. ए-फोरचं पान, दोन कॉलम, सगळीकडे काळी पार्श्वभूमी. आपल्याकडे ही फाइल कोण कशावर उघडणार? फोनवर, तेही उभ्याने. दोन कॉलमांत वर-खाली करता करता माणूस सायनलाच सोडून देईल. एकच कॉलम ठेव, पान ए-फाइव्ह किंवा त्याहून लहान घे. बाजूला बुकमार्क दे, अनुक्रमणिकेतल्या स्टेशनावर बोट ठेवलं की त्या पानावर जाता आलं पाहिजे. कॅरेक्टर शीटची (खेळणाऱ्याने आपल्या पात्राची माहिती भरायच्या कागदाची) फाइल वेगळी दे, पांढऱ्यावर काळी, कारण ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाणार आहे. तुझं ते पूर्ण काळं पान त्याच्या मशीनमध्ये घातलंस तर तो तुला दुकानाबाहेर काढेल. आणि स्क्रीनवरचा तो दाट काळा मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकाच्या साध्या कागदावर, करडा दिसतो, तेही आत्ताच ध्यानात ठेव.

फाइल कुठे ठेवायची? असे खेळ विकायच्या मला माहीत आहेत त्या दोन वेबसाइट सांगते. इच.आयओवर विक्रीतला त्यांचा वाटा किती, ते तूच ठरवतोस. ठरवला नाहीस तर १० टक्के कापतात. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर तुला ६५ टक्के मिळतात, आणि फक्त त्यांच्याकडेच विकेन असं कबूल केलंस तर ७०. त्या पाच टक्क्यांसाठी बांधून घेऊ नकोस. ड्राइव्हथ्रूवर आणखी एक सोय आहे, मागणी आली की एकच प्रत छापून ते गिऱ्हाइकाकडे पाठवतात. इंग्रजी आवृत्ती काढलीस तर परदेशातल्या वाचकांसाठी हेच बरं. इथून पार्सलं पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून घेतली, तेव्हा आपल्या पोस्टाने तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात ज्यांनी पैसे घेऊन ठेवले होते, त्यांनी काय केलं असेल? पीडीएफला कस्टम नसतं.

इथल्या वाचकांचं वेगळं. ऑनलाइन पैसे घ्यायच्या पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय १ एप्रिल २०२१पासून बंद केली. मराठी आवृत्तीसाठी सरळ यूपीआय घे आणि फाइल मेलने पाठव. हो, ती फाइल आठवडाभरात कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागेल. फिरू दे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या पहिल्या रोल-प्लेइंग खेळाच्या १९७४ साली फक्त एक हजार प्रती निघाल्या होत्या, खोक्यात तीन पुस्तिका, खोकी घरी बसून भरलेली. त्या वर्षभरात संपल्या, आणि कितीतरी मुलांनी तो खेळ फोटोकॉपीवरून शिकला. खेळाला वाचक मिळून भागत नाही, त्याला टेबल लागतं. चोरलेल्या फाइलीवर चौघं खेळायला बसली तर त्यातला एखादा तरी पुढचा खेळ विकत घेतो, असा माझा अनुभव आहे.

आता समज, कुर्ला सुधारला. सहा महिने पीडीएफ फिरली, तू समोर नसताना लोकांनी खेळून पाहिलं. (हे महत्त्वाचं. तू टेबलावर असलास की नियमातली भोकं तू बोलून बुजवतोस. पुस्तकाबरोबर तू जाणार नाहीस.) मग छाप, आणि मग मात्र नीट छाप.

किकस्टार्टरची (लोकांकडून आधी पैसे गोळा करायच्या वेबसाइटची) स्वप्नं बघू नकोस. प्रकल्प लावायला त्यांना जे देश चालतात त्यांत भारत नाही. तिथे फेब्रुवारी २०१९पासून झिन क्वेस्ट ही छोट्या पुस्तिकांची मोहीम सुरू झाली आणि पातळ, पिना मारलेल्या पुस्तिकांना एकदम दिवस आले, त्याचा हेवा मलाही वाटतो. पण आधी पैसे घेऊन मग छापणं आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रकाशनपूर्व सवलत योजना मराठी प्रकाशक किती वर्षं चालवतायत! १९७६ साली याच मुंबईत अरुण कोलटकर आणि आणखी काही कवींनी मिळून क्लिअरिंग हाऊस ही प्रकाशनसंस्था काढली, आधी वर्गणीदार जमवले आणि आपली पुस्तकं आपणच छापली. तू तेच कर. तारीख दे, सवलतीची किंमत सांग, नावं लिहून घे. शंभर नावं आली तर शंभर छाप, चाळीस आली तर चाळीस. नावांपेक्षा दहा-पंधरा प्रती जास्त, बस. पुस्तकाची गरज आहे की हौस, ते त्या यादीवरून कळेल.

छापखान्यातलं थोडं. पानं चारच्या पटीत लागतात, ऑफसेटला गेलास तर सोळाच्या, कारण १८ बाय २३ इंचांच्या कागदावर डेमी आकाराची १६ पानं बसतात, तो एक फर्मा. तुझी ४८ आहेत, म्हणजे बरोबर तीन फर्मे. आता हौसेने "मनोगत" वाढवून ५२ करू नकोस. अठ्ठेचाळीस पानांना सेंटर पिन पुरते, आणि पिन मारलेलं पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. गोंदाने चिकटवलेलं सारखं मिटतं, मग सूत्रधार त्यावर चहाचा ग्लास ठेवतो. कडेला जाणारी चित्रं चहूबाजूंनी ३ मिलिमीटर वाढवून दे. आणि उघडी (मूळ, बदलता येणारी) फाइल कधीही देऊ नकोस, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच दे. मी दिली होती एकदा. छापखान्यात युनिकोड उघडेना, म्हणून त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतलं, आणि पुस्तकभर "दुसऱ्या"चा र मोडला. पानांची मांडणी इनडिझाइनमध्ये करत असशील तर वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलाय ना, बघ. नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. फॉन्टला पैसे घालू नकोस. आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' फुकट आहेत आणि चांगले आहेत.

आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) घे, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. कुणी "काढून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नकोस. कराचं सीएला विचार, पण गंमत म्हणून सांगते: छापील पुस्तकाला जीएसटी नाही, छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकला ५ टक्के, आणि नुसत्याच डिजिटलला १८. वर्षाला २० लाखांचा धंदा करशील तेव्हा आपण या विषयावर रडू.

आणि छापल्यावर एक काम आहे, ते फार थोडे जण करतात. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना, स्वखर्चाने, तीस दिवसांत पाठवायची असते. त्यांतलं एक आपल्या मुंबईच्या टाउन हॉलमधलं. माझ्या पहिल्या खेळाची प्रत मी स्वतः नेऊन दिली होती, त्या उंच पायऱ्या चढून. शुद्धिपत्राची पट्टी तेव्हा छापलेली नव्हती. म्हणजे तिथे कुठेतरी अजून तो तक्ता ११ वर संपलेला असणार.

रविवारी चारला ये. मला वाटतं विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी सरळ गाळावीत, गाडी कुर्ल्यानंतर फास्ट करावी आणि त्या मेलेल्या माणसाला घाटकोपरलाच उतरायचं असावं. तू चिडशील, चिड. पण फासे आण, माझे भाचीने नेलेत.

तुझी,
ताई