अंडपेशी की अंडकोशिका? आणि 'अंड्यातली पेशी' का नको

विचारणा अशी आलीय: सी-अर्चिनच्या (समुद्रतळाशी राहणारा गोल काटेरी प्राणी) अंड्यातल्या प्रथिनांवरचा एक लेख वाचताना एका परिच्छेदात 'अंडपेशी', दुसऱ्यात 'अंडकोशिका' आणि तिसऱ्यात 'अंड्यातली पेशी' असं दिसलं, तर यातलं बरोबर काय, आणि तिच्या बाहेरच्या थराला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची भिंत, म्हणायचं का.

तिसरं आधी निकालात काढतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. 'अंड्यातली पेशी' म्हणजे अंडं हे घर आणि पेशी आत राहायला आलेली, असं होतं. सी-अर्चिनचं अंडं म्हणजेच पेशी, अख्खीच्या अख्खी एक, साधारण ८० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. कोंबडीच्या अंड्यामुळे हा घोळ होतो, तिथे बलक तेवढी पेशी आणि पांढरा भाग नि कवच नंतर वरून चढलेलं. इथे पांढरा भागच नाही. त्यामुळे 'प्रथिन म्हणजे अंड्यातलं पांढरं' ही शाळेपासून डोक्यात बसलेली समजूतही इथे टिकत नाही, यांची प्रथिनं सगळ्या पेशीभर असतात. गंमत बघा, सी-अर्चिनच्या बलकातलं मुख्य प्रथिन ट्रान्सफेरिनच्या (लोह वाहून नेणारं प्रथिन) कुळातलं निघालं, आणि कोंबडीच्या अंड्यात याच कुळातलं प्रथिन पांढऱ्या भागात सापडतं.

आता पेशी आणि कोशिका. कोर्टातली पेशी फारसी 'पेश'वरून आलीय, ती इथे नको. कोशिकावाल्यांचं म्हणणं मी कैक वेळा ऐकलंय: मूळ शब्द 'सेल', लॅटिनमध्ये 'सेला' म्हणजे छोटी खोली, कोश म्हणजे ज्यात काही साठवतात ते, म्हणून कोशिका हेच खरं भाषांतर आणि मराठीतलं 'पेशी' म्हणजे मांसाचा गोळा, अडाणी शब्द. परिभाषा ठरवणाऱ्या जाणत्या मंडळींनीही हे लिहिलंय आणि मला ते साफ अमान्य आहे.

एक म्हणजे खोली ही कल्पनाच मुळात फसवी. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या, आतला जिवंत ऐवज केव्हाच गेलेला. त्या भिंतींवरून पडलेलं नाव इंग्रजीला चिकटलं ते चिकटलं, आपण ती चूक संस्कृतात घालून पुन्हा कशाला मिरवायची? सी-अर्चिनच्या अंड्याला भिंत नाहीच, आहे तो सगळा ऐवज.

दुसरं म्हणजे, आणि हे मला जेव्हा सापडलं तेव्हा मी अक्षरशः उठून येरझाऱ्या घातल्या, अमरकोश हा संस्कृतातला जुना शब्दकोश उघडा. पक्ष्यांच्या ओळींत तिथे आहे: 'पेशी कोशो द्विहीनेऽण्डम्'. म्हणजे पेशी, कोश आणि अंड हे तिन्ही समानार्थी, तिन्हींचा अर्थ अंडं! 'द्विहीने' म्हणजे दोन्ही लिंगांवाचून, पेशी स्त्रीलिंगी, कोश पुल्लिंगी, अंड नपुंसकलिंगी एवढंच सांगायचंय. म्हणजे मराठीवाले पेशी म्हणतात आणि हिंदीवाले कोशिका म्हणतात आणि त्यावरून जे वाद घालतात ते दोघेही नकळत अंड्याचंच नाव घेतायत. 'अंडपेशी' म्हणजे अंडं-अंडं आणि 'अंडकोशिका' म्हणजे अंडं-छोटं अंडं. मग मांसाचा गोळा हा एकच अर्थ पुढे करून पेशीला अडाणी ठरवणाऱ्यांनी अमरकोशातली ही ओळ वाचली नव्हती का? की वाचून सोडून दिली?

पण मला खरा आनंद शब्दाच्या मूळ धातूत मिळतो. पेशी 'पिश्' वरून, कापून काढणे, घडवणे, आकार देणे. त्यातूनच पिशित म्हणजे मांस (पिशाच शब्दही परंपरा 'पिशित खाणारा' असाच फोडते), आणि पेशल म्हणजे सुबक. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात गर्भाधानाची ऋचा आहे तिच्यात 'त्वष्टा रूपाणि पिंशतु', त्वष्ट्याने रूपं घडवावीत, क्रियापद तेच, पिश्. त्वष्टा म्हणजे देवांचा सुतार-कारागीर. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत तर दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या आकारांपैकी एकाचं नावच पेशी आहे. म्हणजे गर्भ, अंडं आणि घडवणं या तिन्हींशी हा शब्द पहिल्यापासून बांधलेला आहे, 'खोली' कुठेच नाही.

आता फलन झाल्यावर सी-अर्चिनच्या अंड्यात काय होतं ते पाहा. शुक्राणू जिथे टेकतो तिथून एक पातळ आवरण सुटायला लागतं, फोड यावा तसं, आणि ते उचलणं कडेकडेने पसरत मिनिटभरात पलीकडच्या टोकाला पोचतं, मग अंड्याभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं. पृष्ठभागाखाली रांगेने बसलेल्या हजारो कणिका फुटून त्यांतली प्रथिनं बाहेर पडतात म्हणून हे घडतं. पुढे तासा-दीड तासात अंड्याचे दोन भाग, मग चार, मग आठ, आणि आकार एकूण तेवढाच, म्हणजे वाढ नाही, निव्वळ कापणं. पिश्!

आणि कापतं कोण, तर ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं कडं, जे अंड्याच्या मध्यावर आवळत जातं. हीच जोडी स्नायू आखडते. आणि आयुर्वेदातला शल्यवैद्य सुश्रुत शरीरातल्या ५०० पेशी मोजतो त्या कोणत्या? मांसपेशी, म्हणजे आपण आज ज्यांना स्नायू म्हणतो त्या. एका अर्थाची पेशी दुसऱ्या अर्थाच्या पेशीला कापते! हे नातं प्राचीनांना ठाऊक होतं असा दावा मी करत नाही, करूही नये, पण शब्दाच्या पोटात इतकी जागा होती म्हणून तो आज दोन्हीकडे चपखल बसतो हे माझं ठाम मत आहे आणि 'कोशिका'मध्ये एवढं पोट नाही.

प्रथिनांच्या नावांबद्दलही थोडं, कारण लेख प्रथिनांवर होता. ट्युब्युलिन हे नाव हिदेओ मोहरी यांनी १९६८ मध्ये सी-अर्चिनच्या शुक्राणूंच्या शेपटीतल्या प्रथिनाला दिलं, नळ्या घडवणारं म्हणून, विभाजनात गुणसूत्रं ओढणारे धागेही त्याचेच. सायक्लिन टिम हंट या ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९८२ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होलला याच अंड्यांत सापडलं, साठत जातं आणि प्रत्येक विभाजनाच्या सुमारास नाहीसं होतं, पुन्हा साठतं, असं चक्र चालतं, म्हणून ते नाव त्याला शोभतं. २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अशी नावं आहेत तशीच लिहावीत, 'चक्रीन' वगैरे करू नये. 'प्रथिन'ची गोष्ट वेगळी, 'प्रोटीन' ग्रीकमधल्या 'पहिल्या दर्जाचं' या अर्थाच्या शब्दावरून आला आणि आपल्या माणसांनी 'प्रथम' धरून तो असा घडवला की आवाजही राहिला नि अर्थही.

राहिलं भित्तिकेचं. पेशीभित्तिका वनस्पतींना, बुरशांना, जिवाणूंना. सी-अर्चिनच्या अंड्याला प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचा स्वतःचा पातळ पडदा, त्यावर चिकटून एक पातळ प्रथिनांचा थर, त्याबाहेर जेलीचं वेष्टन. फलनानंतर सुटतो तो मधला थर, त्याला फलनावरण म्हणा. आणि अंडपेशीच लिहा, दोनदा अंडं झालं तरी चालेल.