आधी साडेतीनचा निकाल

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. एक ऑफर बीकेसीतल्या क्वांट फंडाची, म्हणजे गणिती मॉडेलवर शेअरचे सौदे करणाऱ्याची, दुसरी लोअर परळच्या व्हेंचर फंडाची, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्याची, आणि घरचे म्हणतायत की दोन्हीकडे सट्टाच, त्यापेक्षा बँकेची परीक्षा दे. तुझ्या बाबांशी मी बोलतो, ते माझ्यावर सोड. तुला ठरवायचंय ते एवढंच, की आधी कुठे जायचं. माझं मत विचारशील तर क्वांट फंड. तीन-चार वर्षं तिथे काढ. व्हेंचर काही पळून जात नाही.

कायद्याने बघितलं तर दोन्ही एकाच घरातली. सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमांत व्हेंचर फंड कॅटेगरी एकमध्ये बसतो, तुझ्या क्वांट फंडासारखा हेज फंड कॅटेगरी तीनमध्ये, आणि दोन्हीकडे बाहेरच्या गुंतवणूकदाराला साधारणपणे किमान १ कोटी आणावे लागतात. खरा फरक निकाल कधी लागतो त्यात आहे. बाजारात तुझ्या मॉडेलचा हिशोब रोज दुपारी साडेतीनला होतो. एका दिवसात नशीबही असतं म्हणा, पण शेकडो सौद्यांनंतर ते बरंचसं निवळतं. व्हेंचरमध्ये आज घातलेल्या पैशाचं काय झालं हे कळायला सात-दहा वर्षं जातात. फंडात कंपन्या असतात पंचवीस-तीस, त्यातल्या एक-दोन बाकी सगळ्यांना तारतात. या वयात तिथे गेलीस तर छान बोलायला शिकशील, पण आपलं बोलणं खरं होतं का, हे पस्तिशीपर्यंत कळायचं नाही. असं छान बोलणारी मंडळी परळच्या कॅफेंमध्ये भरपूर आहेत. हे जरा खवचटपणे लिहिलं, पण राहू दे.

पहिलं वर्ष तुला डेटा साफ करायला बसवतील. कुरकुर करू नकोस, धंदा तिथेच कळतो. एनएसईची २८ ऑक्टोबर २०२४ ची भावकॉपी, म्हणजे दिवसअखेरच्या भावांची फाइल, उघडून बघ. रिलायन्सचा भाव आदल्या सत्राच्या जवळपास निम्मा दिसेल. पडझड वगैरे काही झाली नव्हती, एका शेअरमागे एक फुकट अशा बोनसची एक्स-डेट होती, म्हणजे त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो बोनस मिळणार नव्हता. ज्या प्रोग्रामला हे ठाऊक नाही तो पन्नास टक्के तोटा मांडून मोकळा होतो. अर्थात एवढी ढोबळ चूक सापडते तरी. तारखांतली चूक सापडत नाही. ३१ मार्चचा ताळेबंद ३१ मार्चला बाहेर कुणाच्याच हातात नसतो, लिस्टेड कंपनीला वार्षिक निकाल जाहीर करायला ६० दिवस मिळतात. बॅकटेस्टमध्ये, म्हणजे मॉडेल जुन्या आकड्यांवर चालवून बघताना, तू त्याच आकड्यांवर १ एप्रिलला शेअर घेतलास, तर तो पेपर फोडून मिळवलेला पहिला नंबर झाला. तसंच आजची निफ्टी ५० ची यादी घेऊन पंधरा-वीस वर्षं मागे जाऊ नकोस. त्या यादीत सत्यम नाही, युनिटेक नाही, मार्च २०२० मध्ये काढलेली येस बँक नाही. बुडालेले आधीच गाळले, की उरलेल्यांवर कुठलीही पद्धत चालते.

आता माझा लाडका विषय, पंचांग. हसू नकोस. गाडी कंपन्या दर महिन्याला जे विक्रीचे आकडे देतात ते मुख्यतः डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे. गिऱ्हाइकाने किती घेतल्या हे बघायचं तर सरकारच्या वाहन पोर्टलवरची नोंदणी बघावी लागते. म्हणून आमच्याकडे ती रोज उतरवून घेतात. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २४ ला, म्हणजे दोन्ही खरेद्या एकाच महिन्यात. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि सगळं पुढे गेलं. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पितृपक्षात गेला, दसरा २४ ला आला, दिवाळी नोव्हेंबरात. या ऑक्टोबरची गेल्या ऑक्टोबरशी तुलना करणारं मॉडेल आधी मागणी आटली म्हणून बोंबलणार, महिन्याभराने तेजी आली म्हणून नाचणार. पितृपंधरवड्यात दारात नवी गाडी आणत नाहीत, हे शिकागोत बसून मॉडेल लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगावं लागतं. तुला ते आजीने फुकट शिकवलंय. तेव्हा इंग्रजी तारखेशेजारी तिथीचा रकाना ठेव. आणि हो, त्याच वाहन पोर्टलवर तेलंगणाचे आकडे बरीच वर्षं नव्हतेच. ‘देशभरातली विक्री’ असं लिहिण्याआधी राज्यांची हजेरी घ्यायची.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो कुणी, कधी आणि कशासाठी नोंदवला हे विचारायची ही सवय घेऊनच व्हेंचरमध्ये जा. तिथे आकडा स्लाइडवर येतो आणि तो मांडणाऱ्याला तुझ्याकडून पैसे हवे असतात. महिन्याच्या ऑर्डरी दाखवतील, त्यातल्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या किती परत आल्या ते दाखवणार नाहीत. एकेक ऑर्डर असलेली मूळ फाइल माग, जानेवारीत आलेलं गिऱ्हाईक जूनमध्ये पुन्हा आलं का ते स्वतः मोजून काढ, आणि जमा रक्कम बँक स्टेटमेंटशी ताडून बघ. कंपनी खात्याकडे भरलेले हिशोबही काढून बघता येतात, पण मार्चचे हिशोब बहुतेकदा ऑक्टोबरअखेर येतात, तोवर स्टार्टअपचं रूप पालटलेलं असतं. तीसेक कंपन्यांत संख्याशास्त्र फार लांब नेत नाही. डेटा तुला कुठली कंपनी घे ते सांगणार नाही, संस्थापकाला काय विचारायचं ते सांगेल. पुढचं माणूस ओळखण्याचं काम, ते वयानेच येतं.

पगार हातात आला की स्वतःच्या खात्यावर ऑप्शन्स खेळायचा मोह होईल. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेत: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये व्यक्तिशः उतरलेल्यांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले. शिवाय फंडात काम करताना स्वतःच्या सौद्यांना कंपनीची आधी परवानगी लागते, ते नियम रुजू व्हायच्या आधी वाच.

सही करू नकोस अजून. नोटीस पिरियड आणि नोकरी सोडल्यावर किती महिने दुसऱ्या फंडात जाता येणार नाही, ही दोन कलमं मला बघायचीत. शनिवारी कागद घेऊन ये. मेलवर पाठवू नकोस, तुमच्या त्या पीडीएफ मला फोनवर वाचता येत नाहीत.

तुझा,
काका