दादाला माफ करायची घाई नको

प्रश्न: मी कळव्याला राहते. बाबा गेल्यावर नौपाड्यातला फ्लॅट सोसायटीत नावावर करायचे कागद आहेत, असं सांगून मोठ्या भावानं मला रजिस्ट्रेशनला नेलं आणि सही घेतली. ते हक्कसोडपत्र होतं, हे गेल्या दिवाळीत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा कळलं. भाऊबीजेला गेले नाही. आई त्याच्याकडेच असते, म्हणून तिचीही भेट नाही. लोकलमध्ये, ओट्याशी, सतत डोक्यात त्याच्याशी भांडण चालू असतं. मैत्रीण म्हणते, माफ करून टाक, मोकळी होशील. जमत नाही. या द्वेषानं माझंच रक्त आटतंय. काय करू?

उत्तर: ताई, मैत्रिणीचा हेतू चांगला, पण तिनं शेवटची पायरी पहिली म्हणून सांगितली. ‘भूतां परस्परें जडो मैत्र जीवाचें’ हे मागणं ज्ञानदेवांनीसुद्धा नऊ हजारांच्या आसपास ओव्या झाल्यावर, अगदी शेवटी मागितलं!

आधी कागद. राग सोडला की घरही सुटलं, अशी भीती आत असेल तर मन रागाला पहारेकरी म्हणून दाराशी बसवून ठेवणारच. घर बाबांच्या स्वकष्टाचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं आई, दादा आणि तुम्ही, तिघांचा सारखा वाटा. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागायला फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. तुमची दिवाळीपासून सुरू झाली आहे. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना ‘या फ्लॅटच्या हक्काबाबत वाद आहे’ असं पत्र देऊन पोच घ्या. प्रेमाखातर यातलं काहीही थांबवू नका.

आता द्वेषाचं. स्पिनोझा नावाच्या डच तत्त्वज्ञाचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ 1677 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात तो द्वेषाची फोड करतो: एक दुःख, आणि त्या दुःखाचं बाहेरचं कारण म्हणून कुणाकडे तरी रोखलेलं बोट. दुःखाला तो एकच माणूस कारण नाही हे दिसलं, की त्याच्यावरचा द्वेष तेवढ्या प्रमाणात उतरतो. म्हणून एका कागदावर कारणं लिहा, सगळी. दादाची लबाडी सर्वांत वर, तिला सूट नाही. मग बाबांनी मृत्युपत्र न करणं, आईचं गप्प बसणं, मुलीचं लग्न लावून दिलं की तिचा वाटा संपला ही घराघरातली समजूत, त्या वेळी दादाच्या डोक्यावर कर्ज असेल तर ते, आणि न वाचता केलेली सही. चुकतं ते इथेच: एक तर यादी दादाची वकिली करू लागते, नाहीतर शेवटच्या ओळीवर अडकून तुम्ही स्वतःलाच झोडपत बसता. कुठलीही ओळ दुसरीला खोडत नाही. हा कागद आईला वाचून दाखवू नका.

प्रेमाच्या बाजूचा सराव पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या बौद्ध भिक्खूंनी ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात बारकाईनं मांडून ठेवला आहे. सगळी मेख क्रमात आहे. शत्रूपासून सुरुवात करायचीच नाही. आधी स्वतः: ‘मी सुखी असो, मला वैर नसो.’ मग ज्यांच्याबद्दल आदर वाटतो अशी व्यक्ती, उदाहरणार्थ शाळेतल्या बाई. पण त्या हयात हव्यात, गेलेल्या माणसावर हा सराव करू नये असं ते बजावतात. मग जिवलग. मग जिच्याशी देणंघेणं नाही अशी कुणी, समजा कळवा स्टेशनबाहेर रोज दिसणारी भाजीवाली. दादा त्यानंतर. रोज दहा मिनिटं पुरेत, आणि पहिले पंधरावीस दिवस दादाचं नावही नको. त्याच्यापाशी आल्यावर जबडा आवळला, तर मुकाट्यानं मागच्या व्यक्तीवर या. ही माघार सरावातच धरलेली आहे.

तरीही धग राहिली तर बुद्धघोषांकडे आणखी बरेच उपाय आहेत. माणसाचं वागणं वाईट पण बोलणं बरं असेल, तर फक्त बोलणं आठवायचं. किंवा सरळ विचारायचं: तू नेमकी कशावर रागावली आहेस, त्याच्या केसांवर, नखांवर, दातांवर? हसू आलं तरी चालेल. डोक्यातला अखंड राक्षस तेवढ्यापुरता सुटा होतो. सगळ्यात शेवटचा उपाय म्हणजे काहीतरी देणं. छोटंच द्या, आणि दिल्यावर फोनची वाट पाहत बसू नका. ‘मी एवढं केलं, त्यानं साधं विचारलंही नाही’ हा हिशेब सुरू झाला की जुन्या वैराला नवी बाकी चिकटते. दादा बदलेलच असं नाही. सराव तुमच्या झोपेसाठी आहे.

आईला मात्र या सगळ्याच्या शेवटी ठेवू नका, तिला याच आठवड्यात भेटा. दादाचं घर नको असेल तर तिला तलावपाळीला किंवा कौपिनेश्वराच्या देवळात घेऊन या, आणि फ्लॅटचा विषय काढू नका. वकिलाची नोटीस जायच्या आदल्या दिवशी दादाला स्वतः फोन करा: ‘नोटीस येतेय. आईला भेटायला मी येत राहणार.’ तो ओरडला तर फोन ठेवा, उलट उत्तर देऊ नका. ते वकील देतील.