जुनी स्पोर्ट्स कार ड्रॅग रेसर करून रस्त्यावरही कायदेशीर चालवता येईल का? मोठं इंजिन टाकावं का?

मोठं इंजिन टाकू नका. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९८९ ची आहे, कागदपत्रं चालू आहेत आणि ओळखीतला एक जण दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवून देतो म्हणतोय. असा एक जण आमच्या घरातही होता, आमचे दाजी. दाजींना उलट बोलायची आपल्याकडं पद्धत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आज तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

आमची गाडी प्रीमियर ११८ एनई, १९९१ ची. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मोसंबीच्या पैशातून घेतलेली. आम्ही अंबड तालुक्यातले, जिल्हा जालना. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरनं पाणी घातलं तरी बाग जळाली, शेवटी झाडं तोडून सरपणाला गेली. त्या बागेची म्हणून एवढी गाडीच उरली. ११८ एनईला स्पोर्ट्स कार म्हणायला बरेच लोक तयार नसतात. मी म्हणतो. सांगाडा फियाट १२४ चा, इंजिन निस्सानचं ए-१२, ११७१ सीसी, ५२ अश्वशक्ती, वजन साधारण ९०० किलो आणि ताकद मागच्या चाकांना. ड्रॅगसाठी, म्हणजे उभ्या गाडीनं सुटून सरळ रेषेत थोडं अंतर पळायच्या शर्यतीसाठी, ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची आहे. गाडी सुटली की वजन मागं सरकतं, मागची चाकं रस्त्यावर दाबली जातात आणि पकड वाढते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ऐन सुटताना पकड कमी होते.

२०१५ च्या दिवाळीत दाजींनी जालन्याच्या भंगारातून सोळाशे सीसीचं, ९० अश्वशक्तीचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं. "आता बघ कशी पळती," म्हणाले. अण्णा ओट्यावरून एवढंच बोलले, "कामून बिघडवायलास रे चालती गाडी?" बोलले मला, दाजींना नाही. जावयाला कोण बोलणार?

इंजिन बसेना म्हणून माउंटिंग कापली, टनेल (गाडीच्या तळाला मधोमध असलेला पत्र्याचा उंचवटा) घणानं ठोकून मोठा केला, प्रोपेलर शाफ्ट (त्या टनेलखालून मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा) कापून वेल्डिंग मारून जोडला. मी वाळूजला टूलरूममध्ये कामाला आहे. कापून जोडलेला शाफ्ट बॅलन्स केल्याशिवाय फिरवायचा नसतो हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

एका नातेवाइकाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आम्ही गाडी सोडून बघायचो. स्टिअरिंगवर दाजी, शेजारी मी. पाच हजार आरपीएमला क्लच एकदम सोडायचा. तिसऱ्या वेळी यूजे क्रॉस (शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटमधला फुलीसारखा भाग) तुटला. मोकळा झालेला शाफ्ट गरगर फिरत टनेलचा पत्रा फाडून आत आला, माझ्या पायापासून वीतभर अंतरावर. इंजिन बंद केल्यावर त्या आवारात एवढी शांतता होती की पत्रा तापल्याचा आवाज ऐकू येत होता. दाजी म्हणाले, "क्रॉस लोकल होता." क्रॉस चांगलाच होता. पण ५२ अश्वशक्तीसाठी केलेला क्रॉस आणि मागच्या ॲक्सलमधले हाफ शाफ्ट, क्राऊन-पिनियन यांच्यावर तुम्ही ९० चा झटका देत असाल तर जे सगळ्यात कमजोर आहे ते आधी तुटणारच.

पुढं २०१६ मध्ये आरसीचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी ते करावंच लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. निरीक्षकांनी आधी चेसिस नंबर बघितला, मग इंजिन नंबर. दुसरा नंबर जुळला नाही, गाडी परत. त्यांची काही चूक नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मग मूळ इंजिन कुठंय? दाजी म्हणाले, "मी ते भंगारात किलोवर द्यायला सांगितलं होतं." मी शेतातल्या आखाड्यावर गेलो तर अण्णांनी कडबा बाजूला केला. खाली ताडपत्रीत गुंडाळलेलं ए-१२, कार्ब्युरेटरच्या तोंडात चिंधी कोंबलेली, प्लगच्या भोकांतून ऑइल सोडलेलं, म्हणून सिलिंडर गंजला नव्हता. चार महिने ते कुणाला एक शब्द बोलले नव्हते.

त्याच इंजिनावर मग मी दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी काम केलं. अर्धा मिलीमीटर ओव्हरसाइज बोअर, हेडला फेसिंग मारून कॉम्प्रेशन वाढवलं, पोर्ट हातानं घासले, कॅम ग्राइंड करून घेतला, साइडड्राफ्ट कार्ब्युरेटर. दाजींचा आग्रह होता की फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक) लेथवर भरपूर हलकं कर. केलं, आणि क्लच सोडला की इंजिन दम सोडायला लागलं. कमी ताकदीच्या इंजिनाला सुटताना फ्लायव्हीलच्या वजनाचीच मदत होते. शिवाय बिडाचं फ्लायव्हील जास्त पातळ केलं तर फुटू शकतं, आणि ते पायाजवळच असतं. दुसरं फ्लायव्हील शोधून बसवलं. खरा फरक पडला तो कमी दातांच्या पिनियननं, चांगल्या क्लचनं आणि मऊ टायरमध्ये हवा कमी ठेवल्यानं. ड्रॅगमध्ये अंतर ४०२ मीटर असलं तरी पहिल्या साठ फुटांत एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी त्याचे दीड-दोन दशांश होतात. म्हणून आधी मागच्या ॲक्सलवर पैसे घाला, बॉनेटखाली नंतर. आणि तुटलेला शाफ्ट अडून राहावा म्हणून प्रोपेलर शाफ्टखाली जाड पट्टीची लूप लावाच.

आता दाजींसाठी हिशोब. चालकासह वजन पौंडात घ्या, अश्वशक्तीनं भागा, घनमूळ काढून ५.८२५ नं गुणा, ४०२ मीटरचे सेकंद मिळतात. मूळ गाडीचे २० सेकंद येतात. माझ्या इंजिनाची ताकद ७२ धरली आणि मागची सीट उतरवली तर १७.८. दाजींच्या सोळाशेचे १७ च्या आसपास. ड्रॅगमध्ये सेकंद मोठा असतो, मान्य आहे. पण तेवढ्या सेकंदासाठी गाडी कायमची ट्रेलरवर न्यावी लागली असती. मी ती जालन्याहून नगर, पुणे करत ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीपर्यंत स्वतः चालवत नेली, पावणेचारशे किलोमीटर. १८.१ सेकंदांत ती पळाली आणि त्याच इंजिनावर, त्याच नंबरवर घरी आली. २०२१ च्या नूतनीकरणाला पहिल्या फेरीत पास झाली. अण्णा सोबत होते.

खर्च विचारलात. माझे तेव्हा दोन लाख चाळीस हजार गेले, त्यातले लाखभर सोळाशेच्या नादात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मागची सीट कायमची काढू नका, आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. बोल्टवर ठेवा, धावपट्टीवर उतरवा. रंग बदलला तर नोंद करा. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, तिच्या मोहात पडू नका. ती मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते आणि मग रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. नेहमीच्या विम्यात शर्यत धरलेली नसते. समृद्धी महामार्ग कितीही सरळ दिसला तरी तिथं गाडी पळवून सेकंद मोजू नका. तिथं मर्यादा १२० ची आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीसाठी कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. इकडं मे महिन्यात ४२ अंशांत कार्ब्युरेटर ट्यून करू नका. गरम हवा विरळ असते, पहाटे लावलेलं जेटिंग (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते) हेच खरं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप त्यानं फुगतात आणि तडकतात. सगळे बदला.

आणि पत्र्याचं काम करताना चेसिस नंबर जिथं ठोकलाय तिथं पुट्टी भरू देऊ नका. काम सुरू व्हायच्या आधी त्याचा पेन्सिलनं ठसा घेऊन ठेवा.